टाळेबंदी आणि स्वमग्न मुले : समतेची एक राहून गेलेली कसोटी

मराठवाड्यात आपत्तींची नोंद ठेवण्याची एक ठरलेली रीत आहे. दुष्काळ पडला की किती तालुके होरपळले आणि किती जनावरे छावणीत गेली, याची गणती होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला, तेव्हा किती गावे जमीनदोस्त झाली आणि किती माणसे दगावली, हे लिहून ठेवले गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा किती लाख लिटर पाणी उतरले हे वर्तमानपत्रे रोज छापत होती. कोरोनाच्या काळात बाधित, बरे झालेले आणि मृत असे तीन आकडे दररोज सायंकाळी जाहीर होत. हे आकडे आवश्यकच होते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक सवय जडलेली असते. नोंदवहीत काय लिहिले आहे हे वाचताना, तिच्यात कोणासाठी रकानाच आखलेला नव्हता, हेही तो शोधू लागतो.

कोरोनाच्या नोंदवहीत स्वमग्न मुलांसाठी रकाना नव्हता. ही मुले आजारी पडली तर ‘बाधित’ या सदरात मोजली गेली. त्यांच्या आयुष्याची घडी विस्कटली, शिकलेले कौशल्य हातचे गेले, आईवडील रात्र रात्र जागले, हे मात्र कोणत्याही प्रपत्रात उतरले नाही. त्या काळाला आता पाच वर्षे उलटली आहेत. लोक तो काळ विसरू इच्छितात आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि आपल्यासारख्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय मुद्दाम मांडावासा वाटतो. कारण त्यातून समतेविषयीचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर देण्याची काही साधने आपल्याच हाती आहेत.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूच्या विकासाची ती एक वेगळी घडण आहे. ती जन्मापासून असते आणि आयुष्यभर सोबत राहते. अशा मुलांना इतरांशी संवाद साधणे कठीण जाते. काही मुले बोलत नाहीत, काही भरभरून बोलतात. पण समोरच्याच्या बोलण्याचा सूर त्यांना उमगत नाही. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची जाणीव कित्येकांना आपल्यापेक्षा फार तीव्र असते. आणि जवळजवळ सर्वांनाच ठरलेल्या क्रमाचा आधार लागतो. तीच वेळ, तोच रस्ता, तेच ताट, तोच माणूस. आपल्याला ज्याचा कंटाळा येतो, त्याच्या आधाराने ही मुले जगाचा अर्थ लावतात. आपल्या भाषेतील ‘स्वमग्न’ हा शब्द काहीसा फसवा आहे. हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला कोणाची गरज नाही, असा समज त्याने होतो. प्रत्यक्षात त्याला माणसांची गरज असते. फक्त ती व्यक्त करण्याची त्याची रीत आपल्याला वाचता येत नाही.

अशी मुले मोजकीच असतील, असे कोणास वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेला अंदाज १०० मुलांमागे १ असा होता. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूर जिल्ह्याची २४ लाख ५४ हजार. एकूण ५८ लाखांहून अधिक. त्यात मुलेमुली अगदी हात राखून १५ लाख धरली, तरी या अंदाजाने स्वमग्न मुलांची संख्या १५ हजारांच्या घरात जाते. ती आपल्याला दिसत नाहीत, याचे कारण ती नाहीत हे नव्हे. खेड्यात त्यांना ‘येडं’, ‘मुकं’, ‘हट्टी’ म्हटले जाते. शहरात त्यांना पाहुण्यांसमोर आतल्या खोलीत बसविले जाते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मान्य होते. त्यात स्वमग्नता नव्हती. १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने ही यादी एकवीसवर नेली आणि स्वमग्नतेला त्यात स्थान दिले. म्हणजे महामारी आली तेव्हा हा हक्क कागदावर येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती.

आता त्या दिवसांकडे वळू. राज्यातील शहरी शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, २४ मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि २५ मार्चपासून ३१ मेपर्यंत, टप्प्याटप्प्याने वाढत, ती ६८ दिवस चालली. २ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेला जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. २०२० साली तो टाळेबंदीच्या नवव्या दिवशी आला. पुढच्या वर्षी नांदेड जिल्ह्यात २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ या काळात जिल्हा प्रशासनाने पुन्हा टाळेबंदी लावली, आणि तोच दिवस सलग दुसऱ्यांदा बंद दाराआड गेला. ज्या मुलांची जगाने आठवण ठेवावी म्हणून हा दिवस नेमला गेला, त्यांच्या दृष्टीने या योगायोगात बरेच काही सामावलेले आहे.

नांदेडमधील आमच्या वस्तीतील एका रिक्षाचालकाचा मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. तो बोलत नाही. दररोज सायंकाळी पाच वाजता वडील त्याला रिक्षातून रेल्वे स्थानकावर नेत. फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसून दोन गाड्या पाहिल्या की तो शांतपणे घरी येई, जेवी आणि झोपी जाई. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या. त्या दिवशी आणि त्यानंतर कित्येक दिवस बरोबर पाच वाजता तो चपला घालून, रिक्षाची चावी हातात घेऊन दाराशी उभा राहत असे. त्याला महामारी कशी समजावणार? त्याच्या लेखी पाच वाजले होते आणि वडील उठत नव्हते. आठवडाभरात तो स्वतःच्या मनगटाला चावे घेऊ लागला. पत्र्याच्या दोन खोल्यांत, एप्रिलच्या उन्हात, पहाटे तीनपर्यंत तो जागा राही. शेजारी भिंतीवर थापा मारून तक्रार करीत. एका सायंकाळी वडील त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पायी घेऊन गेले, तेव्हा बंदोबस्तावरील पोलिसांनी दोघांना परत पाठविले. पोलिसांच्या हातातील आदेशात अशा मुलाचा उल्लेख नव्हता. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने समोर केवळ एक नियम मोडणारा माणूस उभा होता. पुढे गाड्या सुरू झाल्या. पण स्थानकात प्रवेश फक्त तिकीटधारक प्रवाशांना होता. दोन वर्षांच्या कष्टाने शिकलेली शौचाला स्वतः जाण्याची सवय त्या उन्हाळ्यात मोडली. ती पुन्हा बसायला वर्ष लागले. त्या काळात रिक्षाही बंद होती आणि घरात येणारा पैसाही.

हे एकाच घरापुरते घडले नाही. इटलीतील वेरोना येथील संशोधकांनी २०२० च्या टाळेबंदीत स्वमग्न मुलांच्या ५२७ पालकांची पाहणी केली. दहापैकी नऊहून अधिक कुटुंबांना हा काळ कठीण गेल्याचे तीत आढळले. ३५.५ टक्के मुलांच्या वर्तनसमस्या पूर्वीपेक्षा तीव्र झाल्या होत्या आणि ४१.५ टक्के मुलांमध्ये त्या अधिक वारंवार उद्भवत होत्या. जेथे आरोग्यव्यवस्था आणि शाळा आपल्यापेक्षा कितीतरी सुसज्ज आहेत, तेथील ही स्थिती. आपल्याकडे वाचा उपचार आणि व्यवसायोपचार यांची केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेली आहेत. देगलूर, किनवट, अहमदपूर, निलंगा अशा तालुक्यांतील पालकांना एरवीदेखील एका तासाच्या उपचारासाठी दिवस मोडून एसटीने यावे लागते. एसटीच बंद झाली, तेव्हा उपचारही संपले. मोबाइलवरून उपचार देण्याचे प्रयत्न काही उपचारकांनी मनापासून केले. पण जे मूल समोर बसलेल्या माणसाकडेही सहजी पाहत नाही, ते पडद्यावरच्या चेहऱ्याकडे किती पाहणार? मुखपट्टी ही आणखी एक परीक्षा होती. ज्याला सदऱ्याची पट्टीदेखील टोचते, त्याला नाकातोंडावर कापड सहन होत नाही. शिवाय समोरच्याचे ओठ पाहून बोलणे शिकणाऱ्या मुलासमोरचे सगळे ओठच झाकले गेले होते.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. माणसे प्राणवायूअभावी दगावत होती. लाखो मजूर मुलाबाळांसह पायी गाव गाठत होते. अशा वेळी गल्लीत फेरी मारता आली नाही, ही काय तक्रार झाली? नियम सर्वांना सारखाच होता ना?

नियम सारखा होता, हे खरे. त्यातच प्रश्नाचे मूळ आहे. ज्याच्या घराला अंगण आहे आणि ज्याचे घर दोन खोल्यांचे आहे, त्यांना ‘घरातच राहा’ हा एकच आदेश सारखा लागू होत नाही. जो ‘हे काही दिवसांपुरते आहे’ असे स्वतःला समजावू शकतो आणि ज्याला ‘काही दिवस’ ही कल्पनाच कळत नाही, त्यांनाही तो सारखा लागू होत नाही. नियम शिथिल केल्याने साथ पसरली असती, हाही युक्तिवाद टिकत नाही. कारण इतर देशांनी याच नियमाला अगदी लहानशी वाट काढून दिली होती. स्पेनने मार्च २०२० मध्येच स्वमग्नतेसारख्या कारणांनी वर्तन विस्कळीत होणाऱ्या व्यक्तींना सोबत्यासह बाहेर पडण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांच्या दोन कुटुंबांनी न्यायालयाचा मार्ग धरला आणि एप्रिल २०२० मध्ये तेथील शासनाने दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा बाहेर जाण्याची सवलत स्पष्ट केली. फ्रान्सच्या अध्यक्षांनी २ एप्रिललाच अशी सवलत जाहीर केली. दोन माणसे मोकळ्या रस्त्याने, इतरांपासून दूर राहून चालली, तर साथ वाढत नाही.

स्पेनमधील अनुभवाला एक दुसरी बाजूही आहे. कायद्याने मुभा असूनही रस्त्यावरील मुलांना आणि त्यांच्या पालकांना लोक सज्जांतून शिव्या घालू लागले. मग काही कुटुंबांनी मुलाच्या दंडाला निळी पट्टी बांधली, म्हणजे तो स्वमग्न आहे हे दुरून कळावे. इतर पालकांनी त्यास हरकत घेतली. आमच्या मुलाने रस्त्यावर चालण्यासाठी अंगावर खूण का वागवावी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या समाजाच्या पूर्वजांना रस्त्याने चालताना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागला, त्या समाजाला या हरकतीचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. सवलत कायद्यातून मिळते. पण ती निर्धास्तपणे वापरण्यासाठी शेजाऱ्यांचे मन तयार असावे लागते.

आपल्या देशातही केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने मार्च २०२० च्या अखेरीस मार्गदर्शक सूचना काढल्या. दिव्यांग व्यक्तींची देखभाल करणाऱ्यांना ये-जा करण्यासाठी सोप्या पद्धतीने पास द्यावेत, असे त्यात होते. हे स्वागतार्ह होते. पण स्वमग्न मुलाला घराबाहेर पडण्याची गरज असते, हा विचार त्यात नव्हता. नियमाला अपवाद करता येतो, हे तर नांदेडने स्वतः पाहिले. हुजूर साहिब गुरुद्वारात अडकलेले हजारो यात्रेकरू एप्रिल २०२० च्या अखेरीस बसगाड्यांनी पंजाबला रवाना झाले. कोटा येथे अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणण्यासाठी राज्याने एसटीच्या गाड्या पाठविल्या. दोन्ही निर्णय योग्यच होते. त्यांच्यामागे संघटित आवाज होता, पालकांचा दबाव होता, सरकारांमधील बोलणी होती. न बोलणाऱ्या मुलाच्या आणि रोजंदारी बुडालेल्या बापाच्या मागे यांपैकी काहीच नव्हते.

इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, प्लेगच्या काळातला, अवघ्या चार कलमांचा. साथ ही बंदोबस्ताची बाब आहे, अशी त्यामागील वसाहतकालीन समजूत होती. त्याच १८९७ साली त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या, आणि १० मार्चला त्याच साथीने त्यांचा बळी घेतला. एकाच वर्षात आपल्याला दोन परंपरा दिसतात : लोकसमूहाला आवरण्याची आणि एका माणसाला उचलून दवाखान्यात नेण्याची. सव्वाशे वर्षांनी राज्यकर्त्यांच्या हाती पहिल्या परंपरेचे कलम होते. दुसऱ्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या आपणां सर्वांचे काम त्यामुळे वाढते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात समतेवरील नेहमीच्या आक्षेपाला उत्तर दिले आहे. माणसे मुळातच सारखी नसतात, मग समता कशी मानावी, हा तो आक्षेप. माणसाचे सामर्थ्य जन्मतः लाभलेली प्रकृती, घर आणि समाज यांच्याकडून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न अशा तीन गोष्टींवर ठरते, असे त्यांनी मांडले. आणि पहिल्या दोन गोष्टींतील भेदामुळे कोणाला विषम वागणूक देणे न्यायाचे नाही, असा निष्कर्ष काढला. स्वमग्न मूल जन्मतःच वेगळी घडण घेऊन येते. त्यात त्याचा दोष नाही आणि त्याच्या आईचाही नाही. मग त्या घडणीची शिक्षा त्याला मिळू नये, यासाठी समाजाने त्याच्यापुरती वेगळी तजवीज करणे हीच समता ठरते. विशेष तरतुदींच्या मागील तत्त्व आपण आपल्या हक्कांच्या संदर्भात तीन पिढ्या मांडत आलो आहोत. तेच तत्त्व दिव्यांग मुलाच्या दारात पोहोचले की ते आपल्याला ‘फाजील लाड’ वाटू लागत असेल, तर आपण ते अर्धेच आत्मसात केले आहे.

आईच्या दोषाचा उल्लेख सहज केलेला नाही. पाश्चात्त्य देशांत १९५० आणि ६० च्या दशकांत आईच्या थंड स्वभावामुळे मूल स्वमग्न होते, असा सिद्धांत बोकाळला होता आणि असंख्य मातांनी तो कलंक वाहिला. पुढे संशोधनाने तो खोटा ठरविला. आपल्याकडे टाळेबंदीनंतर त्याचा नवा अवतार आला : ‘आईने मोबाइल हातात दिला, म्हणून मूल असे झाले.’ मोबाइलच्या अतिवापराने मुलाचा संवाद खुंटतो, बोलणे लांबते, हे खरे. आणि घरात माणसांचा सहवास वाढला की अशी कित्येक मुले सावरतात. मात्र मोबाइलमुळे स्वमग्नता उत्पन्न होते, असे सिद्ध झालेले नाही. जी लक्षणे दीड-दोन वर्षांच्या वयात ओळखता आली असती, ती त्या काळात ओळखलीच गेली नाहीत, हे खरे नुकसान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन बालकांची तपासणी करतात. स्वमग्नतेची लक्षणे पाहणे हा तिचा भाग आहे. अंगणवाड्या आणि शाळा बंद झाल्या, आरोग्य कर्मचारी कोरोनाच्या कामाला जुंपले गेले आणि ती तपासणी थांबली. २०१८-१९ मध्ये जन्मलेली मुले आता शाळेत आहेत. नावाला ओ न देणारा, एका कोपऱ्यात चाक फिरवीत बसणारा विद्यार्थी पहिली-दुसरीच्या वर्गात दिसला, तर त्याला हट्टी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी हा हिशेब मनाशी करावा.

शिक्षणाचेही तेच झाले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून मोबाइलवर अभ्यास येऊ लागला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. या प्रयत्नांमागील कळकळ निर्विवाद होती. पण त्यांच्या आखणीत दिव्यांग मूल केंद्रस्थानी नव्हते. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडण्यास राज्याने परवानगी दिली, तोवर वीस महिने उलटून गेले होते. आपल्या भागाला तर गुणांची मोठी परंपरा आहे. ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. नांदेडच्या शिकवणी वर्गांकडे दूरदूरचे विद्यार्थी येतात. त्या यशाचा अभिमान बाळगावाच. परंतु शिक्षण म्हणजे गुण, असे समीकरण ज्या प्रदेशात दृढ होते, तेथे ज्या मुलाची सर्वांत मोठी प्रगती ‘आज त्याने स्वतःहून पाणी मागितले’ अशी असते, त्याची प्रगती मोजण्याचे माप उरत नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. काही स्वमग्न मुलांना टाळेबंदी मानवली. घंटेचा कर्कश आवाज नाही, गर्दी नाही, चिडविणारी मुले नाहीत, बसची ढकलाढकली नाही. आईवडील दिवसभर जवळ. अशी मुले घरी शांत झाली, काही थोडे बोलूही लागली, असे अनेक देशांतील पालकांनी सांगितले आहे. शाळा पुन्हा उघडल्यावर हीच मुले अधिक कोलमडली. या अनुभवातून शाळांनी बोध घ्यावयाचा आहे. जिच्यापासून सुटका झाल्याने मूल फुलले, त्या शाळेत त्याला नेमके काय टोचत होते, हे आपण विचारले पाहिजे.

आता आपल्या निवासी विद्यालयांकडे येतो. किल्लारीच्या भूकंपानंतर सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे या परिसरातील लोकांच्या स्मरणात आहे. घर कोसळल्यावर निवासी शाळा मुलाला सावरू शकते, याचे ते उदाहरण. महामारीत उलटे घडले. वसतिगृहे सर्वांत आधी रिकामी झाली आणि अनेक ठिकाणी त्यांत विलगीकरण कक्ष उभे राहिले. ते अपरिहार्य होते. पण निवासी विद्यालयापाशी जे आहे, त्याचे मोल त्यातून ध्यानात येते. पहाटेची घंटा, ठरलेल्या वेळी भोजन, ठरलेली जागा, ठरलेले सोबती : आपण याला शिस्त म्हणतो. स्वमग्न मुलाला याचीच सर्वाधिक गरज असते. दिनक्रम बांधण्याची कला आपल्या संस्थांना अवगत आहे. तो दिनक्रम अशा मुलासाठी थोडा मऊ करणे एवढेच शिकायचे आहे.

चूळपंथकाची कथा आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि तो हाताने चोळीत काही मोजके शब्द पुन्हा पुन्हा उच्चारण्यास सांगितले. त्यातूनच त्याला ज्ञान झाले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूवर आजच्या वैद्यकातील नाव चिकटविण्याचे कारण नाही. शिक्षकाने घ्यायचा तो धडा असा की, पाठ बदलता येतो, साधन बदलता येते; विद्यार्थ्याला बाहेर काढणे हा शेवटचादेखील उपाय नव्हे.

व्यवहारात काय करता येईल? प्रथम, आपल्या विद्यालयाने दोन-तीन स्वमग्न मुलांना, वस्तीच्या जवळची असतील तर दिवसापुरते, प्रवेश द्यावा आणि एका प्रशिक्षित विशेष शिक्षकाची नेमणूक करावी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये, महामारी सुरू असतानाच, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० मागे १ आणि त्यापुढे १५ मागे १ असे शिक्षकांचे प्रमाण सांगितले. आणि पदे भरण्यासाठी २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजवावे लागले. शासन कधी भरील याची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही. दुसरे, चित्रांचे वेळापत्रक, घंटेपासून दूर एक शांत खोली, भोजनाच्या रांगेतून सूट आणि वर्गमित्रांची पूर्वतयारी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. तिसरे, विद्यालयात दरमहा अशा पालकांची बैठक व्हावी. दिव्यांग प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड, राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना यांची माहिती अनेक घरांत पोहोचलेलीच नाही. लातूरमध्ये स्वमग्न आणि बहुविकलांग मुलांसाठी ‘उमंग’ ही संस्था काम करते. अशा ठिकाणांशी पालकांचा दुवा जोडून देणे हेही शाळेचे काम आहे. चौथे, प्रत्येक मुलाची एका पानाची माहिती तयार असावी : तो काय खातो, कोणत्या आवाजाला घाबरतो, कशाने शांत होतो, कोणते औषध घेतो. ती घरी, शाळेत, आशाताईंकडे आणि पोलीस ठाण्यात असावी. पुढची आपत्ती साथीची असेल, पुराची असेल किंवा भूकंपाची, ते आज सांगता येत नाही. पण तेव्हा समोरच्या शिपायाच्या हाती निदान एक कागद तरी असेल.

आणि शेवटी, प्रारंभी म्हटलेल्या रकान्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवणे आणि धोक्याच्या प्रसंगी त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचविणे बंधनकारक आहे. म्हणजे हा रकाना २०१६ सालीच कायद्याने आखून दिला आहे. तो भरून घ्यायचा आहे. आपले माजी विद्यार्थी आज तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, डॉक्टर, वकील, पोलीस आणि शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येक तालुक्यातील दोघा-तिघांनी पुढील २ एप्रिलपूर्वी आपल्या परिसरातील स्वमग्न मुलांची यादी पालकांच्या संमतीने करावी, नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत ती सादर करून पोच घ्यावी आणि पुढील आपत्तीच्या आदेशात या मुलांना सोबत्यासह बाहेर पडण्याची मुभा नमूद करावी, अशी लेखी मागणी करावी. विद्यालयाच्या कार्यालयाने त्या पोचपावत्या एका धारिकेत जपून ठेवाव्यात. पुढील स्मरणिकेत किती नावे नोंदली गेली, याचा आकडा आपण छापू.